कुत्री-मांजरांची नसबंदी: कमी पैशात कुठं आणि कशी?



भादवा लागला की आपल्या हुडकेश्वरच्या गल्ल्यांमधून कुत्र्यांच्या टोळ्या पळताना दिसतात. त्यानंतर दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, कुणाच्या बांधकामाच्या रेतीत, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या जिन्याखाली पिल्लं कुईकुई करू लागतात. मग त्या महिन्याच्या बैठकीत विषय निघतोच. वसुली झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, की एखादी ताई म्हणते, "मॅडम, आमच्या गल्लीतली कुत्री परत व्याली. सहा पिल्लं हायेत. आता काय करावं?" दुसरी म्हणते, "नसबंदी करून घे नं." आणि तिसरी लगेच, "पैसे कोण देईन? आमच्याच घरच्या आपरेशनले कर्ज काढलं होतं."

प्रश्न बरोबर आहे. खाजगी दवाखान्यात कुत्रीच्या नसबंदीला काही हजार रुपये लागतात. ज्या घरात महिन्याची बचत शंभर-दोनशे रुपये आहे, तिथं एवढा खर्च कुणी करणार नाही, आणि करावा असं मीही म्हणणार नाही. पण स्वस्तात किंवा फुकट होण्याच्या वाटा आहेत. त्यातली कोणती वाट तुमची, हे दोन गोष्टींवर ठरतं. जनावर घरचं आहे की रस्त्यावरचं, आणि तुमचं घर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या. हे कळलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम म्हणजे जनावर नेणं-आणणं आणि नंतरची दहा दिवसांची देखभाल. तिथं गटाचा उपयोग होतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा तिथंच वाचतो.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते

आपण बोकड किंवा गोऱ्हा खच्ची करताना पाहिलेलं असतं. चिमट्यानं नस दाबली, जनावर ओरडलं, पाच मिनिटांत काम झालं. त्यामुळं बऱ्याच जणींना वाटतं, कुत्र्याचंही कुणीतरी अंगणातच करून देईल. तसं नाही. कुत्र्या-मांजराला पूर्ण भूल द्यावी लागते. मादीचं पोट उघडून अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. नराच्या गोट्या काढतात. नराचं ऑपरेशन लहान असतं, म्हणून त्याचा खर्चही कमी असतो. हे काम पदवीधर पशुवैद्यकाचंच. आपल्या पशुसखी ताई शेळ्या-कोंबड्यांचं लसीकरण छान करतात, पण हे काम त्यांच्याकडून करून घ्यायचं नाही, आणि त्यांनीही आग्रहाला बळी पडून हो म्हणू नये.

कुत्री साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते, मग वर्षातून दोनदा. गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांत पिल्लं. मांजरीचं तर विचारूच नका. चार-पाच महिन्यांची मांजरी, जी आपल्याला अजून पिल्लूच वाटते, ती गाभण राहू शकते. आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येते. म्हणून "एकदा तरी होऊ दे पिल्लं, मग करू" असं म्हणणाऱ्या ताईंच्या घरी वर्षभरात मांजरांचा गोतावळा झालेला असतो. एक वेत झाल्यानं मादीची तब्येत सुधारते, हा समजही खरा नाही. उलट पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रीला पुढं स्तनाच्या गाठी होण्याची शक्यता खूप कमी होते. आणि गर्भाशयच नसल्यानं त्यात पू होण्याचा आजार होत नाही. हा आजार म्हाताऱ्या कुत्रींना होतो आणि वेळेत लक्षात आला नाही तर जीव घेतो.

"पाप लागतं" हेही ऐकलं आहे मी. यावर वाद घालण्यापेक्षा एक आकडा सांगते. पश्चिम बंगालमध्ये संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांची नोंद ठेवली होती. २०१६ साली ते काम प्रसिद्ध झालं. पाचातलं एक पिल्लू जेमतेम वयात येईपर्यंत जगलं. बाकीची गेली, आणि त्यात माणसांमुळं गेलेली जास्त होती: गाडीखाली आलेली, मारलेली, उचलून नेलेली. आपल्या रस्त्यांवर काय होतं ते तुम्ही रोज पाहता.

एक सूचना इथंच देऊन टाकते, कारण ती महत्त्वाची आहे. माज थांबवण्याचं एक स्वस्त इंजेक्शन मिळतं. "ऑपरेशन कशाला, सुई मारू" असं कुणी सांगितलं तर नको म्हणा. हार्मोनची ही सुई वारंवार दिली तर गर्भाशयात पू होणं, स्तनात गाठी होणं असे आजार मागं लागतात. मग जे ऑपरेशन टाळलं तेच करावं लागतं, आजारी जनावराचं आणि दुप्पट पैशात.

घरचं कुत्रं-मांजर असेल तर

केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. पहिले २००१ साली आले, त्यांच्या जागी २०२३ साली नवे आले. त्यात स्पष्ट आहे की पाळीव जनावराचं लसीकरण, जंताचं औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. गळ्यात पट्टा आहे, रात्री तुमच्या ओसरीवर झोपतं, नावानं हाक मारली की येतं, तर ते तुमचं. त्यासाठी महानगरपालिकेच्या गाडीची वाट पाहत बसायचं नाही.

पण मालकाची जबाबदारी म्हणजे खाजगी दवाखानाच, असं नाही. आपण नागपूरकर यात नशीबवान आहोत. राज्याचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच आहे, आणि त्याचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून सुरू आहे. सेमिनरी हिल्सवरच्या या कॉलेजला जोडून जनावरांचा दवाखाना आहे. माणसांचं जसं मेडिकल, तसं हे जनावरांचं मेडिकल समजा. तिथं शिकवणारे डॉक्टर उपचार करतात, विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकतात. खाजगीच्या मानानं फी कमी पडते. "शिकाऊ पोरं कापतील का?" ही भीती मी बऱ्याच जणींच्या तोंडून ऐकली आहे. ऑपरेशन अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली होतं, आणि भुलीची सोय, तपासण्या, उपकरणं अशा ठिकाणी छोट्या दवाखान्यापेक्षा चांगली असतात.

अडचण एवढीच की हुडकेश्वर शहराच्या एका टोकाला आणि सेमिनरी हिल्स दुसऱ्या टोकाला. शिवाय पहिल्याच दिवशी ऑपरेशन होईल असं नाही. आधी तपासणी, मग तारीख. म्हणजे दोन फेऱ्या आणि दोन मजुऱ्या बुडणार. याचा उपाय पुढं सांगते.

दुसरी जागा म्हणजे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि पशुसंवर्धन विभागाचे श्रेणी एक, श्रेणी दोनचे दवाखाने. आपल्या गाईम्हशींसाठी तुम्ही तिथं जाताच. श्रेणी दोनच्या दवाखान्यात पोट उघडून ऑपरेशनची सोय नसते, पण रेबीजची लस, जंताचं औषध आणि "कुठं पाठवू" याची चिठ्ठी मिळू शकते. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर बहुतेकींच्या भिंतीवर लिहिलेला आहेच. ते फिरतं पथक मुख्यतः गुराढोरांसाठी आहे. नसबंदीसाठी त्याला दारात बोलावता येणार नाही, पण जवळचा दवाखाना कोणता हे विचारता येतं.

तिसरी वाट शिबिरांची. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या आठवड्यात सरकारी दवाखाने आणि प्राणिमित्र संस्था ठिकठिकाणी फुकट किंवा नाममात्र दरात रेबीजची लस देतात, काही वेळा नसबंदीही सवलतीत करतात. ऑगस्टच्या शेवटी एक फोन करून तारीख विचारून ठेवायची. शिबिराची बातमी पेपरमध्ये वाचली तेव्हा नावनोंदणी संपलेली, असं होऊ नये.

फोन करताना नुसतं "किती पैसे?" असं विचारू नका. विचारा, त्यात काय काय धरलंय? भूल, टाके, दुखण्याचं औषध, अँटिबायोटिक, रक्ताची तपासणी, टाके काढायची फेरी. कुणी ऑपरेशनचे कमी सांगतात आणि औषधांची चिठ्ठी मोठी देतात. कुणी जास्त सांगतात, पण त्यात सगळं आलेलं असतं. पावती मागायची. आणि "माझ्याकडं पिवळं रेशनकार्ड आहे, काही सवलत आहे का?" हे विचारायला लाजू नका. आपण बँकेत व्याजदर विचारायला शिकलोच ना.

रस्त्यावरचं जनावर असेल तर

इथं गटानं एक पैसाही खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. २०२३ च्या नियमांत महानगरपालिका, नगरपालिकांबरोबर पंचायतीही आल्या. कुत्र्याला पकडायचं, नसबंदी आणि लस द्यायची, कानाला खाच पाडायची आणि ज्या गल्लीतून उचललं तिथंच आणून सोडायचं, अशी ही पद्धत. कानाला खाच दिसली की समजायचं, हिचं झालेलं आहे.

"तिथंच का सोडतात? दूर न्या की!" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. कुत्रं आपली हद्द राखतं. खाच असलेली, लस घेतलेली पाच कुत्री गल्लीत असतील तर नवीन कुत्र्याला ती येऊ देत नाहीत. ती पाच उचलून नेली की कचरा आणि कोंबडीच्या दुकानाचं उरलंसुरलं तिथंच असतं, त्यामुळं बाहेरून नवीन पाच येतात. त्यांना लस नाही, नसबंदी नाही. पूर्वी शहरांमध्ये कुत्री मारतच होते. मद्रासमध्ये आणि मुंबईत वर्षानुवर्षं मारून संख्या कमी झाली नाही, म्हणून १९९० च्या दशकात दोन्हीकडं नसबंदीची पद्धत आली.

या विषयावर कोर्टात बरंच काही चालू असतं आणि व्हॉट्सॲपवर त्याहून जास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं त्यांनी ती दत्तक घ्यावीत. त्याला पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा दिल्लीबाबतचा आदेश गाजला. आधी सगळी कुत्री निवाऱ्यात ठेवा असं म्हटलं, मग २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या भागात परत सोडा, पिसाळलेली आणि फार हल्लेखोर मात्र सोडू नका, असं सांगितलं. पुढं नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांसाठी वेगळा आदेश आला, तिथली कुत्री उचलली की त्याच आवारात परत सोडायची नाहीत. म्हणजे अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या आवारात कुत्र्यांचा त्रास असेल तर तक्रारीत "शाळेचं आवार" हे शब्द ठळक लिहा.

विष घालणं, पिल्लं पोत्यात भरून नाल्यात टाकणं, याबद्दल मी इथं नाव न घेता लिहिते, कारण आपल्याच वस्त्यांमध्ये घडतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला मारण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता अर्ज कुठं करायचा? हुडकेश्वर आणि नरसाळा पूर्वी ग्रामपंचायतीत होतं, आता नागपूर महानगरपालिकेत आहे. त्यामुळं हुडकेश्वरच्या गटांनी आपल्या झोन ऑफिसात सहायक आयुक्तांच्या नावानं अर्ज द्यायचा आणि एक प्रत महानगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला. पण आपल्या संघातले सगळे गट महापालिकेत नाहीत. बेसा-पिपळा आणि बहादुरा इथं नगरपंचायत आहे, त्यांनी मुख्याधिकाऱ्यांकडं द्यायचा. ज्यांचं घर अजून ग्रामपंचायतीत आहे त्यांनी ग्रामसेवकाकडं द्यायचा आणि ग्रामसभेत विषय घ्यायला लावायचा. घरपट्टीची पावती कुणाच्या नावची येते ते पाहिलं की हद्द कळते. रस्त्याच्या अलीकडं महापालिका आणि पलीकडं ग्रामपंचायत असेल तर दोन्हीकडं द्या, कारण कुत्री हद्द पाहून फिरत नाहीत आणि ऑफिसं एकमेकांकडं बोट दाखवतात.

अर्जात "कुत्र्यांचा फार त्रास आहे, बंदोबस्त करावा" एवढंच लिहिलं तर तो फायलीत जाऊन बसतो. त्याऐवजी गल्लीनुसार मोजणी द्या. एका रविवारी सकाळी सहा वाजता तीन-चार जणींनी फिरायचं. त्या वेळी कुत्री जागेवर असतात. किती कुत्री, त्यात माद्या किती, कानाला खाच असलेल्या किती, पिल्लं पाजणाऱ्या किती, एवढंच वहीत लिहायचं. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्या मोठ्या आकड्यात आपली गल्ली कुणाला दिसत नाही, आपल्या वहीतल्या आकड्यात दिसते. "पाण्याच्या टाकीमागे ११ कुत्री, ६ माद्या, एकीच्याही कानाला खाच नाही" असं लिहिलेल्या अर्जाला "आमचं काम झालंय" असं उत्तर देता येत नाही. अर्ज दोन प्रतीत, आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का. महिना झाला, उत्तर नाही, तर नगरसेवकांकडं तीच प्रत घेऊन जायचं. तरीही नाही तर माहितीच्या अधिकारात विचारायचं की आमच्या भागात या वर्षी किती नसबंद्या झाल्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते आपल्यापैकी बऱ्याच जणींना आता येतं.

गाडी आली की दोन गोष्टी बघा. सहा महिन्यांखालची पिल्लं आणि लहान पिल्लं पाजणारी आई उचलू द्यायची नाही. आई गेली तर पिल्लं उपाशी मरतात. आणि गाडीवाल्याला विचारून कोणती कुत्री कुठून उचलली ते वहीत लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा. परत सोडताना तीच सोडली का, तिथंच सोडली का, हे पाहायला तोच एक पुरावा.

मांजरांबाबत महापालिकेची मोहीम हमखास मिळेल असं धरू नका, ती बहुतेक कुत्र्यांभोवती फिरते. गल्लीतल्या मांजरींसाठी प्राणिमित्र संस्था किंवा वर सांगितलेला कॉलेजचा दवाखाना.

एकटीनं नेलं तर महाग, सहा जणींनी नेलं तर स्वस्त

हुडकेश्वरहून सेमिनरी हिल्सला कुत्रं घेऊन जायला ऑटोवाला आधी नाहीच म्हणतो, आणि हो म्हटलं तर भाडं तोंडाला येईल ते सांगतो. जायचं-यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर कधी कधी ऑपरेशनच्या फीपेक्षा वरचा खर्च जास्त होतो. म्हणून गटानं एकत्र जायचं.

समजा एका वस्तीत सहा घरची जनावरं आहेत. एकच जण दवाखान्यात फोन करून किंवा एकदा जाऊन विचारून येते: सहा जनावरं आणतो, एका दिवशी किती घ्याल, कोणत्या वारी? दिवसाचा छोटा हत्ती १,२०० रुपयांत ठरला तर माणशी २०० आले. दोघीच सोबत जातात, बाकीच्या चौघींची मजुरी वाचते. त्या चौघींनी मिळून जाणाऱ्या दोघींचा दिवस भरून द्यायचा. हे आधीच ठरवून रजिस्टरमध्ये लिहायचं, नाहीतर नंतर कुरबूर होते.

फीसाठी अंतर्गत कर्ज देता येईल का? माझ्या मते द्यावं, लहान रकमेचं, नेहमीच्याच व्याजानं, ठराव करून. त्याचं कारण शेळ्या. ज्या ताईनं गटाच्या कर्जातून शेळी घेतली आणि कुत्र्यांच्या टोळीनं तिचं करडू फाडलं, तिला हे समजावून सांगावं लागत नाही. तिचा हप्ता थकला तर तो गटाचाच थकतो. पण कर्ज घरच्या जनावरासाठी. रस्त्यावरच्यासाठी अर्ज.

मांजर नेण्यासाठी पिंजरा विकत घेऊ नका. भाजीचे दोन कॅरेट एकावर एक उलटे ठेवून चारी बाजूंनी सुतळीनं बांधा, आत जुनी साडी अंथरा. झाकलेलं असलं की मांजर शांत राहतं. कुत्र्याच्या तोंडाला मऊ सुती पट्टी बांधायची, श्वास घेता येईल अशी, आणि फक्त गाडीत चढवता-उतरवताना. गळ्यात फास पडेल अशी नायलॉनची दोरी नको. एका कॅरेटमध्ये दोन मांजरी कोंबू नका. घरी एकत्र झोपत असल्या तरी गाडीत भांडतात.

आधी आणि नंतर

वेळ कोणती? कुत्री माजावर असताना टाळतात, कारण त्या काळात रक्तस्राव जास्त होतो. माज संपून दोन-तीन महिने झाले की बरं. व्यालेली असेल तर पिल्लांनी दूध सोडल्यावर, साधारण दोन महिन्यांनी. म्हणजे भादव्याची टोळी टाळायची असेल तर उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत उरकून घ्या. आजारी, जुलाब होणारं, अंगावर गोचिड्या माखलेलं जनावर आधी बरं करून मगच न्या. गाभण असल्याची शंका असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही. मोठ्या जनावराला साधारण आठ ते बारा तास उपाशी, लहान पिल्लाला त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तसं. हे फार गांभीर्यानं घ्या. भुलेत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जनावर जातं. घरातली आजी "बिचारं उपाशी" म्हणून चपातीचा तुकडा टाकते, म्हणून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

घरी आणल्यावर ते डुलत चालेल, थंड पडेल. जमिनीवर जुनं पांघरूण घालून कोपऱ्यात ठेवा, उंचावर नको, विहीर-टाक्याजवळ नको. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच थोडं पाणी, मग थोडंसं खाणं. दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, आंघोळ नाही, गल्लीत सोडायचं नाही. गळ्यातलं प्लास्टिकचं भोंग्यासारखं कॉलर परवडत नसेल तर पोराचा जुना टी-शर्ट घाला, पुढचे पाय बाह्यांतून काढा, कमरेशी गाठ मारा. मांजरीला बाळाचं झबलं बसतं. हसायला येतं, पण टाके वाचतात.

टाक्यांवर हळद, राख, तेल काही नाही. दुखतंय म्हणून घरातली गोळी तर अजिबात नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरते. ज्या जागी मांजर ठेवलंय तिथं फिनाइलनं पुसू नका, तेही तिला बाधतं. टाक्यांतून रक्त थेंब थेंब येत राहिलं, वास येऊ लागला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावलं नाही, तर थांबू नका, दवाखान्यात फोन करा. घरी येण्याआधीच तो नंबर घेऊन ठेवायचा.

नराबाबत एक गोष्ट माहीत असू द्या. ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते. त्याला महिनाभर घरात ठेवा. नंतर राखण करणं सोडत नाही, ती भीती नको. फिरणं आणि माजाच्या मादीवरून भांडणं कमी होतात. खाणं मात्र आधीइतकंच दिलं तर लठ्ठ होतं, तेवढं हाताशी धरा.

आणि रेबीज. नसबंदीनं पिल्लं थांबतात, रेबीज लसीनं थांबतो, म्हणून नसबंदीच्या वेळी लस झाली का हे विचाराच. गोव्यात २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना लस दिली गेली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. आपल्याकडं अजून तसं नाही. कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर लगेच नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, मिरची-चुना-हळद लावू नका, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात, मेडिकलला किंवा मेयोला जा. सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेत देण्याचं सीरम लागतं का ते विचारा. ठरलेल्या तारखांच्या सगळ्या सुया घ्यायच्या, बरं वाटतं म्हणून मधली सोडायची नाही. रेबीजची लक्षणं दिसली की मग उपाय नाही, आणि जाणाऱ्यांमध्ये पंधरा वर्षांखालची मुलं बरीच असतात, कारण ती घरी सांगत नाहीत. पोरांना सांगून ठेवा, चावलं तर रागावणार नाही, पण सांगायचं.

येत्या मासिक बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या सदस्यांच्या घरची कुत्री-मांजरं लिहून आणावीत: नर की मादी, अंदाजे वय, शेवटी कधी व्याली, लस झाली का. गल्लीतल्या मोजणीचं पान वेगळं. दोन्ही कागद आले की मी दवाखान्यात तारखा विचारते, आणि झोन, नगरपंचायत, ग्रामपंचायत अशा तीन अर्जांचे नमुने संघाच्या ऑफिसात ठेवते. छोट्या हत्तीवाल्याशी भाव मात्र तुम्हीच करा, तुमच्यासमोर तो कमी सांगतो.